कळ चालू असतानाची पट्टी

रब्बीच्या दिवसांत मराठवाड्याच्या शिवारात रात्रीही माणसं जागी असतात. शेतीपंपांची थ्री-फेज वीज आळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला नाहीतर ज्वारीला पाणी द्यायला मध्यरात्रीनंतर घर सोडावं लागतं. डिसेंबरची थंडी, गुडघ्यापर्यंत ओले पाय, हातात बॅटरी आणि खिशात बिडीचा कट्टा. समजा, किनवट तालुक्यातल्या अशाच एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला पहाटे चारच्या सुमारास छातीच्या मधोमध दाबल्यासारखं झालं. दरदरून घाम सुटला, डावा हात जड पडला. तो धुऱ्यावर बसून राहिला. दहा-पंधरा मिनिटांत कळ ओसरली आणि बारं पूर्ण करून तो घरी आला.

घरच्यांनी नांदेड गाठलं. रस्ता शंभर किलोमीटरहून जास्त. पोहोचेपर्यंत दुपार झाली. ईसीजीची पट्टी काढली, ती नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. दोन दिवसांनी टीएमटी झाली, पट्ट्यावर गडी न थांबता चालला, तीही नॉर्मल. ‘काही निघालं नाही, गॅस असंल,’ असं म्हणत सगळे गावी परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहाटे तीच कळ आली.

हा शेतकरी उदाहरणापुरता घेतला आहे. त्याचं दुखणं मात्र वैद्यकशास्त्राला पासष्ट वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. विश्रांतीत, रात्री किंवा पहाटे येणारी, काही मिनिटांत जाणारी आणि दिवसा कष्ट करताना बहुतेकदा न जाणवणारी ही कळ हृदयाच्या धमनीला येणाऱ्या आचक्याची असू शकते. डॉक्टर त्याला कोरोनरी स्पॅझम म्हणतात. त्याचं निदान करताना कुठली तपासणी केली, याच्याइतकंच ती कधी केली हेही पाहावं लागतं. दुपारच्या त्या तिन्ही रिपोर्टांनी दुपारचं हृदय बरोबर सांगितलं होतं. पहाटेच्या हृदयाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

धमनी आवळते म्हणजे काय

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या तीन ते चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. त्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. गरजेप्रमाणे धमनी थोडी सैल किंवा थोडी आवळ करणं हे त्याचं काम. भिंतीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्याने हा थर सैल राहतो. धूम्रपानाने, सततच्या दाहाने हे अस्तर बिघडलं आणि स्नायूंचा थर अतिसंवेदनशील झाला, की एरवी किरकोळ ठरणाऱ्या कारणानेही धमनी एकदम आवळते. थंडी, मानसिक ताण, जोरजोरात श्वास घेणं, काही औषधं ही त्यातली परिचित कारणं. काही मिनिटं पलीकडच्या स्नायूला रक्त पोहोचत नाही आणि छातीत कळ येते.

ठिबकच्या नळीत क्षार साचले तर पुढच्या झाडाला पाणी कमी पडतं, आणि नळी मुडपली तरी कमीच पडतं. साचलेले क्षार नळी कापली की कधीही दिसतात. मुडप मात्र सरळ झाली की मागे काही दिसत नाही. ब्लॉकेज आणि स्पॅझम यांच्यात नेमका हाच फरक आहे. कधी दोन्ही एकत्रही असतात, कारण थोडं ब्लॉकेज असलेल्या जागीच धमनी आवळण्याची ओढ जास्त दिसते.

स्पॅझम लवकर ओसरतो म्हणून तो निरुपद्रवी मानणं चुकीचं आहे. आचका लांबला तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आचक्यादरम्यान हृदयाची लय बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, क्वचित दगावतोही. उपचारही वेगळे आहेत. ब्लॉकेजच्या दुखण्यात हमखास दिले जाणारे प्रोप्रानोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर इथे दुखणं वाढवू शकतात, तर डिल्टियाझेम किंवा निफेडिपिनसारखी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट औषधं बहुतेक रुग्णांना चांगला आराम देतात. म्हणून निदान पक्कं होण्याला इतकं मोल आहे.

प्रिन्झमेटलने फक्त पट्टी वाचली

१९५९ मध्ये लॉस एंजेलिसचे डॉ. मायरन प्रिन्झमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हे रुग्ण श्रम करताना ठीक असत आणि अंथरुणात पडल्यापडल्या कळवळत. कळ चालू असताना काढलेल्या ईसीजीत एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसे, अगदी मोठ्या झटक्यात दिसतो तसा. कळ थांबली की तो पुन्हा जागेवर येई. प्रिन्झमेटल यांनी तर्क केला की धमनीचा ताण तात्पुरता वाढत असावा.

त्या वेळी हृदयाच्या धमन्यांत थेट रंगद्रव्य सोडून फोटो काढण्याची पद्धत नुकतीच जन्मली होती. क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये ती प्रथम केली. प्रिन्झमेटल यांच्या हाताशी ती नव्हती. कातडीला चिकटवलेल्या तारा आणि कागदाची पट्टी एवढ्यावरच त्यांनी हा आजार ओळखला. धमनी खरोखर आवळते हे अँजिओग्राफीने १९७३ मध्ये अमेरिकेत फिलिप ऑलिव्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. इटलीतल्या पिसा शहरात अत्तिलिओ मासेरी यांच्या गटाने अशा रुग्णांचं हृदय तासन्‌तास नजरेखाली ठेवलं आणि १९७६ मध्ये थॅलियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून चित्र काढलं. ऐन कळीच्या वेळी हृदयाच्या एका भागाला रक्त मिळत नसल्याचं त्या चित्रांत दिसलं. या दुखण्यात छातीत नळी न घालता काढलेलं हे एक सुरुवातीचं आणि पक्कं चित्र.

२०१७ मध्ये हृदयधमन्यांच्या आकुंचनाचा अभ्यास करणाऱ्या ‘कोव्हाडिस’ या आंतरराष्ट्रीय गटाने निदानाचे निकष मांडले. नायट्रेटने थांबणारी कळ आणि तिच्यासोबतची वैशिष्ट्यं, कळीदरम्यान ईसीजीत तात्पुरता बदल, आणि धमनी ९० टक्क्यांहून जास्त आवळल्याचा पुरावा, असे ते तीन आधार आहेत. आपोआप आलेल्या कळीत, नायट्रेटने थांबणाऱ्या दुखण्याबरोबर, लगतच्या दोन लीडमध्ये एसटी किमान ०.१ मिलिव्होल्ट सरकलेला सापडला, तर निदान निश्चित मानलं जातं. ईसीजीच्या कागदावर हे अंतर एका लहान चौकोनाएवढं असतं. एवढ्याशा सरकण्यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते दिसायचं तर पट्टी कळ चालू असतानाच निघायला हवी.

कळीची वाट पाहणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी अर्थातच बारा लीडचा ईसीजी. दहा इलेक्ट्रोड लावून काही मिनिटांत तो निघतो. दुखत असताना एक आणि दुखणं थांबल्यावर दुसरा अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर त्यांतला फरक अनेक महागड्या यंत्रांना न सांगता येणारी गोष्ट सांगतो. मोबाइल किंवा घड्याळातला एका लीडचा ईसीजी लय दाखवतो. हृदयाच्या सगळ्या भिंती तो पाहू शकत नाही, म्हणून स्पॅझमसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी तपासणी होल्टर. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी चाळीसच्या दशकात बनवलेलं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आजचा होल्टर कमरेला किंवा गळ्यात सहज मावतो आणि २४ ते ४८ तास ईसीजी नोंदवतो. पहाटेची नोंद मिळावी म्हणूनच तो रात्रभर अंगावर राहायला हवा. मासेरी यांच्या गटाच्या निरीक्षणांतून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. आचक्याचे बरेच प्रसंग रुग्णाला कळतही नाहीत. होल्टर हे न दुखणारे आचकेही पकडू शकतो. मात्र आठवड्यातून एकदाच कळ येणाऱ्याच्या बाबतीत त्या दोन दिवसांत काही घडलंच नाही, तर होल्टर कोराच राहतो. अशा वेळी तो पुन्हा लावावा लागतो.

तिसरी तपासणी टू-डी इको, तीही कळ चालू असताना. रक्त न मिळणारी हृदयाची भिंत काही क्षणांतच नीट हलेनाशी होते. दवाखान्यात भरती असताना कळ आली आणि त्याच क्षणी इकोचा प्रोब छातीवर ठेवता आला, तर आवळलेल्या धमनीच्या हद्दीतला भाग सुस्त झालेला दिसतो. कळ गेली की तीच भिंत पूर्ववत चालू लागते आणि इकोचा रिपोर्ट नॉर्मल येतो.

दुपारचं ट्रेडमिल आणि सैल केलेल्या धमन्या

टीएमटी ही आपल्याकडे छातीच्या दुखण्यातली नेहमीची पायरी. ती प्रामुख्याने ब्लॉकेज शोधते. स्पॅझमच्या बाबतीत तिचं उत्तर घड्याळाप्रमाणे बदलतं. जपानचे हिरोफुमी यासुए यांनी १९७९ मध्ये अशा १३ रुग्णांना पहाटे आणि दुपारी ट्रेडमिलवर चालवलं. पहाटे सगळ्या १३ जणांना आचका आला, दुपारी फक्त दोघांना. दुपारच्या टीएमटीत न सापडलेला आजार पहाटेच्या टीएमटीत सापडू शकतो, हे या छोट्या अभ्यासाने दाखवून दिलं. त्यामुळे रुग्णाने ‘सकाळी तांब्या घेऊन निघालो तरी छातीत भरून येतं, दुपारी पोतं उचललं तरी काही होत नाही’ असं सांगितलं, तर ते वाक्य केसपेपरवर उतरलं पाहिजे.

सीटी अँजिओग्राफी ब्लॉकेज आहे की नाही हे नळी न घालता चांगलं सांगते. रुग्णाला मोठं ब्लॉकेज नाही हे ठरवण्यासाठी ती मोलाची आहे. पण नेहमीच्या पद्धतीत सीटीच्या आधी जिभेखाली नायट्रेट दिलं जातं, म्हणजे धमन्या फुलतात आणि चित्र स्पष्ट येतं. नायट्रेट हेच तर स्पॅझमवरचं औषध! म्हणजे या सीटीत स्पॅझम दिसण्याची शक्यता आधीच संपलेली असते. यावर दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एक मार्ग काढला. एक सीटी पहाटे, धमन्या सैल करणारी औषधं बंद ठेवून. दुसरी वेगळ्या दिवशी, शिरेतून नायट्रेट देत. पहिल्या चित्रात अरुंद दिसलेली धमनी दुसऱ्या चित्रात मोकळी झाली, तर ती जागा आवळत होती हे कळतं. दोनदा किरणोत्सर्ग आणि दोनदा रंगद्रव्य द्यावं लागत असल्याने ही पद्धत अजून सर्वत्र रुळलेली नाही.

कळ मुद्दाम आणणं

वाट पाहूनही कळ सापडत नसेल, तर ती डॉक्टरांच्या नजरेखाली मुद्दाम आणावी लागते. त्यातली सगळ्यात साधी रीत श्वासाची आहे. पहाटेच्या वेळी, औषधं थांबवून, सहा मिनिटं मिनिटाला पंचवीसहून अधिक वेगाने खोल श्वास घ्यायचा आणि ईसीजी चालू ठेवायचा. अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आम्लता घटते आणि धमनीच्या स्नायूंत कॅल्शियम शिरणं सोपं होतं. आचका बहुतेकदा वेगवान श्वास थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत येतो. यासुए यांच्याच गटाने १९९७ मध्ये स्पॅझम असलेल्या २०६ जणांवर ही चाचणी केली, त्यांत १२७ जणांत ती सकारात्मक आली. स्पॅझम नसलेल्या १८३ जणांपैकी एकातही नाही. म्हणजे ही चाचणी ‘आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हणाली तर शोध थांबवू नये.

दुसरी रीत औषधाची. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलं जाणारं अर्गोमेट्रिन सगळ्या प्रसूतिगृहांना माहीत आहे. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून ते मूळ आलं, आणि आपल्या बाजरीच्या कणसावरचा अरगट त्याच कुळातला. ते गर्भाशयाचा स्नायू आवळतं, तसाच धमनीचाही. सोलच्या आसान मेडिकल सेंटरमध्ये साँग जे-क्वान आणि सहकाऱ्यांनी हे औषध शिरेतून थोडंथोडं वाढवत देऊन इकोवर हृदयाच्या भिंतींची हालचाल पाहण्याची पद्धत विकसित केली. आधी मोठं ब्लॉकेज नाही याची खात्री, शेजारी नायट्रेट तयार, आणि भिंत सुस्त होताच चाचणी बंद, ही त्यांची शिस्त. ही शिस्त सोडून चालत नाही. कारण शिरेतून दिलेल्या अर्गोमेट्रिनने उठलेला आचका वेळेवर न सुटल्याचे जीवघेणे प्रसंग पूर्वी नोंदले गेले आहेत. म्हणून ही चाचणी अनुभवी केंद्राचीच आहे, छोट्या दवाखान्याची नव्हे.

सगळ्यांत खात्रीची परीक्षा मात्र नळी घालूनच होते. कॅथलॅबमध्ये धमनीत ॲसिटिलकोलीन सोडून आचका डोळ्यांनी पाहता येतो आणि तिथेच नायट्रेट देऊन सोडवताही येतो. भारतात ही परीक्षा मोजक्या केंद्रांतच केली जाते. बिननळीच्या तपासण्यांवर आपला भार जास्त पडतो, त्याचं हे एक कारण.

कळ गेल्यानंतरच्या खुणा

आचका येऊन गेल्यावर हृदयात काही खुणा थोडा काळ टिकतात आणि काही चित्रणपद्धती त्या वाचतात. हृदयाचा स्नायू ऊर्जेसाठी मुख्यतः मेदाम्लं जाळतो. रक्त तुटलं की हे जाळणं मंदावतं आणि रक्त परतल्यावरही अनेक तास, कधी दिवसभराहून जास्त, मंदच राहतं. जपानमध्ये बीएमआयपीपी नावाचं, मेदाम्लासारखं किरणोत्सारी द्रव्य देऊन ही मंदावलेली जागा पाहतात. त्याच देशात एमआयबीजी स्कॅनने हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूंची अवस्थाही तपासली जाते. तोहोकू विद्यापीठातल्या हिरोआकी शिमोकावा यांच्या गटाने पेट स्कॅनवर अशा रुग्णांच्या धमनीभोवतालच्या चरबीत दाह असल्याचं दाखवलं आहे.

आपल्याला यांतली सर्वांत जवळची आहे ती हृदयाची एमआरआय. छातीत कळ, रक्तात हृदयाच्या इजेची खूण असलेलं ट्रोपोनिन वाढलेलं आणि अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या, असं कोडं पडतं तेव्हा एमआरआय फार उपयोगी ठरते. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य दिल्यावर इजा हृदयभिंतीच्या आतल्या थरापासून सुरू झालेली दिसली, तर रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता बळावते. बाहेरच्या किंवा मधल्या थरात विखुरलेली असेल, तर हृदयस्नायूच्या दाहाकडे बोट जातं. भावनिक धक्क्याने हृदयाचं टोक फुगवणाऱ्या ताकोत्सुबोचं चित्र याहून निराळं असतं. धमनी आवळली होती हे एमआरआय थेट सांगत नाही, पण भलत्याच रोगाचं औषध सुरू होणं टाळते.

नांदेड-लातूरसाठी

नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं आणि आज विष्णुपुरीला आहे. लातूरची शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ ची. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. महात्मा फुले यांच्या नावाने आता चालणाऱ्या या योजनेमुळे गावोगावच्या माणसांना अँजिओप्लास्टी आवाक्यात आली. ‘स्प्रिंग बसवली’ हा शब्दप्रयोग आता देगलूर-मुखेडपासून निलंगा-उदगीरपर्यंत सर्वांना कळतो. हे मोठं यश आहे. त्याची एक सावली मात्र उरली. हृदयाचं दुखणं म्हणजे ब्लॉकेज, आणि ब्लॉकेज नाही म्हणजे हृदय ठीक, असं समीकरण मनात बसलं. ब्लॉकेज नसलेलं हृदयाचं दुखणं स्त्रियांत तुलनेने जास्त आढळतं, आणि नॉर्मल रिपोर्टनंतर ‘टेन्शन घेती’ हे ऐकूनही त्यांनाच घ्यावं लागतं. गॅस आणि ताण ही दुखण्याची खरी कारणं असू शकतात. पण कळ चालू असताना एकदाही ईसीजी न काढता ती ठरवून टाकणं अन्यायाचं आहे.

म्हणून या भागात सर्वांत मोलाची जागा मला प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि ग्रामीण रुग्णालयाची वाटते. दुखणं चालू असताना रुग्ण पोहोचू शकतो तो तिथेच. गोव्यात २०१८ च्या सुमारास आणि महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत २०२१ पासून गावातल्या केंद्रावर काढलेला ईसीजी लगेच दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून वाचण्याचे सरकारी उपक्रम सुरू झाले. त्यांचा हेतू झटका वेळेत ओळखणं हा आहे. तीच सोय स्पॅझमलाही कामी येऊ शकते. शक्य असेल तिथे जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवण्याआधी पट्टी काढावी, उपचाराला मात्र तिच्यासाठी उशीर करू नये. गोळीनंतर कळ थांबल्यावर दुसरी पट्टी काढावी. दोन्हींवर वेळ लिहावी, आणि दोन्ही रुग्णाच्या हाती द्याव्यात. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात, त्यामुळे मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा. गोळीने कळ थांबली एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही, कारण अन्ननलिकेचा आचकाही तिने थांबतो. पट्टीचा पुरावा लागतोच.

रुग्णाने आणि घरच्यांनी करायचं काम तितकंच नेमकं आहे. कळ किती वाजता आली, किती मिनिटं राहिली, झोपेत की कामात, त्याआधी बिडी ओढली होती का, थंडीत भिजणं झालं होतं का, अर्धशिशीची किंवा इतर कुठली गोळी घेतली होती का, हे वहीत लिहावं. तज्ज्ञाला दाखवताना ‘पहाटे, विश्रांतीत’ हे दोन शब्द आधी सांगावेत आणि होल्टर लावण्याबद्दल, गरज वाटल्यास पहाटेच्या टीएमटीबद्दल विचारावं. स्पॅझमचं निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या, तर बरं वाटतं म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. एकदम बंद केल्यावर आचके उलटून येऊ शकतात. बिडी-सिगारेट मात्र त्याच दिवशी बंद व्हावी, कारण या आजाराचं सर्वांत ठळक आणि टाळता येण्याजोगं कारण तेच आहे. तंबाखू आणि मिश्रीही हृदयाच्या मित्र नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या चार प्रौढांमागे एकाहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते.

आणि छातीतली कळ गोळी घेऊनही पाच मिनिटांत कमी होत नसेल, घाम, धाप किंवा चक्कर असेल, तर ती झटक्याची आहे की आचक्याची हे घरी बसून ठरवू नये. १०८ ला फोन करावा आणि सर्वांत जवळचा, ईसीजी निघेल असा दवाखाना गाठावा. जीव वाचवण्यासाठी हे आवश्यक आहेच. शिवाय स्पॅझम असेल तर तिथे निघालेली ती एक पट्टी पुढच्या मोठ्या दवाखान्यातल्या सगळ्या नॉर्मल रिपोर्टांपेक्षा जास्त बोलते.